चार इयत्ता, एक खोली: जोडवर्ग सांभाळता तरी कसे?

मांजराकाठची | ८ जुलै, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते आहे, लिहिते आहे पहिल्यांदाच.

मी लातूरकडची. शिक्षकभरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलवरून निवड झाली आणि शिक्षणसेवक, म्हणजे सुरुवातीला मानधनावरची शिक्षिका, म्हणून थेट अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत रुजू झाले. पहिली ते चौथी, पट ३१. पहिलीत ९, दुसरीत ६, तिसरीत ९, चौथीत ७. कागदावर आम्ही दोघं शिक्षक. दुसरे सर मुख्याध्यापकपदाचा कार्यभार सांभाळतात, त्यामुळे आठवड्यातले दोन-तीन दिवस बैठका, बँक, पोषण आहाराचा तांदूळ, ऑनलाइन माहिती ह्यांतच जातात. त्यांच्याबद्दल तक्रार नाही, त्यांचीही ओढाताण दिसते. पण त्या दिवशी ३१ मुलं आणि मी.

नेमकं काय होतं ते सांगते. पहिलीला घेऊन बसले की चौथीची मुलं दहा मिनिटांत दिलेली गणितं उरकतात आणि खिडकीत जाऊन बसतात. चौथीकडे वळले की पहिलीत पाटीवरून भांडण. दुसरी तर मधल्या मधे विसरलीच जाते, कारण ती सहा मुलं शांत आहेत. परवा पहिलीतल्या एका मुलीने सरळ विचारलं, "बाई, तुम्ही आमच्या का चौथीच्या?" मला उत्तर देता आलं नाही.

आणि काल जे झालं त्यामुळे आज लिहायला बसले आहे. भागाकार शिकवत होते, मागे वळून बघते तर पहिलीतला एक मुलगा जागेवर नाही. शाळेमागे ओढा आहे आणि सध्या तो दुथडी वाहतोय. चौथीतली एक मुलगी पळत गेली आणि त्याला काठावरून घेऊन आली. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

डी.एल.एड.ला, म्हणजे शिक्षक-पदविकेला, जोडवर्ग अध्यापन वाचलं होतं, पण सराव पाठ सगळे एकेका वर्गावर, एका घटकाचे. सहा वर्षांचं लेकरू आणि दहा वर्षांचा पोरगा एकाच खोलीत असताना एकाचं काम कुठे थांबवायचं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू करायचं? मोठ्या मुलांना धाकट्यांना शिकवायला बसवावं का? आणि ओरडल्याशिवाय हे जमतं का? घसा पार बसलाय.

---

सह्यकडा | ८ जुलै, रात्री १०:१५

बाई, बाकी सगळं नंतर. आधी ओढ्याकडच्या दाराचं बघा. उद्याच्या उद्या शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना निरोप द्या आणि दाराला कमरेएवढी फळी ठोकून घ्या. वस्तीवर सुतारकाम येणारा कुणीतरी असतोच. बाहेर जायचं असेल तर जोडीनेच जायचं, हा नियम पहिल्या दिवसापासून. आमच्याकडे दाराशी दोन लाल रिबिनी टांगलेल्या असतात. रिबीन हातात असल्याशिवाय कुणी बाहेर पडत नाही. दोन्ही रिबिनी गेल्या की तिसऱ्याने थांबायचं. एक नजर टाकली की कितीजण बाहेर आहेत ते कळतं.

---

पाटीपेन्सिल | ९ जुलै, सकाळी ६:०५

मी ३६ वर्षं प्राथमिक शिक्षक होतो, त्यातली १४ वर्षं एकशिक्षकी शाळेत. बाई, तुमचं पत्र वाचून माझा पहिला पावसाळा आठवला.

तुम्ही चार वर्ग एकामागून एक शिकवायला बघताय. ते कुणालाच जमत नाही, मलाही जमलं नव्हतं. दिवसाचे पाच तास चौघांत वाटले तर प्रत्येक वर्गाच्या वाट्याला सव्वा तास येतो आणि उरलेला वेळ मूल नुसतं बसून असतं. तुमचा मुलगा ओढ्याकडे गेला तो ह्या बसून राहण्याच्या वेळात गेला. म्हणून विचार उलटा करायचा. मी ज्यांच्याजवळ नाही त्यांच्या हाताशी काय आहे, हे आदल्या संध्याकाळी ठरलेलं असलं पाहिजे. ज्यांच्याजवळ मी आहे त्यांचं मला ऐनवेळी सुचतंच.

मी बिस्किटांचे रिकामे पत्र्याचे डबे ठेवले होते, प्रत्येक गटाला एक. त्यात त्या दिवसाचं काम. पहिलीच्या डब्यात चिंचोके, काड्या, अक्षरांचे पुठ्ठे. चौथीच्या डब्यात उदाहरणांच्या चिठ्ठ्या, त्याही सोप्या, मध्यम आणि डोकं खाजवायला लावणाऱ्या अशा तीन प्रकारच्या. मुलाने येऊन डबा उघडायचा, काम सुरू. "गुरुजी, आता काय करू?" हा प्रश्न दिवसातून चाळीस वेळा यायचा, तो पाच-सहावर आला.

दुसरं, सकाळचा पहिला अर्धा तास पहिलीला द्या. तेव्हा ती ताजी असतात. पण सलग अर्धा तास एकच काम नको. दहा मिनिटं गाणं-गोष्ट, दहा मिनिटं हाताने काही, दहा मिनिटं पाटी. जेवणानंतर पहिलीला अक्षरं शिकवायला जाऊ नका, ती पेंगतात. तेव्हा मोठ्यांचं गणित घ्या.

आणि भिंतीला खालून दोन-अडीच फुटांपर्यंत काळा रंग मारून घ्या. प्रत्येक मुलाला आपला हातभर फळा मिळतो. उभं राहून लिहिणारं मूल मारामारी कमी करतं, हे मी पुष्कळ वर्षं पाहिलंय. शिवाय खोलीच्या मध्यावर उभं राहून एका फेरीत एकतीस जणांचं लिहिलेलं दिसतं.

घशाचं म्हणाल तर आवाज खाली आणा. तुम्ही चढलात की वर्ग तुमच्याही वर चढतो.

---

रंकाळा | ९ जुलै, सकाळी ११:२०

गुरुजींशी बहुतेक सहमत. पण मोठ्यांनी धाकट्यांना शिकवायचं, ह्यावर मला बोलायचंय, कारण मी तो 'मोठा' होतो.

आमच्या शाळेत मी हुशार म्हणून दुसरीपासून गटप्रमुख. दुसरी, तिसरी, चौथी अशी तीन वर्षं मी पहिलीच्या पोरांकडून बाराखडी गिरवून घेतली. गुरुजी बाहेर गेले की वर्ग माझ्या ताब्यात. घरी सगळ्यांना कौतुक. पाचवीला गावातल्या मोठ्या शाळेत गेलो तेव्हा कळलं की अपूर्णांक मला येतच नव्हते. ज्या तासाला ते शिकवले गेले त्या तासाला मी पहिलीत होतो. शिवाय पोरांच्या मनात माझ्याबद्दल अढी बसली ती वेगळीच, कारण बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर मीच लिहायचो.

गुरुजी वाईट नव्हते, एकटे होते. पण बाई, तुमच्या चौथीतली ती मुलगी, जी ओढ्याकडे पळत गेली, तिच्याकडे लक्ष ठेवा. सगळी जबाबदारी हळूहळू तिच्याच अंगावर जाईल. आणि बहुतेक ती घरीही धाकटं भावंड सांभाळत असेल.

---

मांजराकाठची | ९ जुलै, सायंकाळी ७:३०

@सह्यकडा, फळी आज बसली! अध्यक्षांनी स्वतः आणून ठोकली. रिबिनी उद्या.

@रंकाळा, तुमचं वाचून थांबलेच. ती मुलगी खरोखर दोन धाकट्या भावांना सांभाळते, एक पहिलीत आहे आणि दुसरा अंगणवाडीत. आणि परवा त्या प्रसंगानंतर मी तिलाच म्हटलं होतं, "पहिलीकडे तू लक्ष ठेव." आज तो शब्द मागे घेतला.

---

कुरणातली_वाट | ९ जुलै, रात्री ८:४५

भावंडांचा विषय निघाला म्हणून लिहिते. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे अनुताई वाघांसह काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे त्यांना हेच दिसलं होतं. आदिवासी पाड्यावरची आठ-नऊ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण कडेवर भाऊ आहे. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, तीच विकासवाडी. भाऊ पाळण्यात, बहीण वर्गात. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणात नेली.

म्हणजे वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र असणं ही तिथे शिक्षक कमी म्हणून केलेली तडजोड नव्हती. ती घरं तशी होती, म्हणून शाळा तशी झाली. बाईंच्या शाळेला लागून अंगणवाडी असेल तर सेविकाताईंशी बोलून बघा. पहिलीतली जी मुलं अजून रुळली नसतील त्यांना पहिला महिना दिवसातला तासभर तिकडच्या खेळण्यांत बसू दिलं तर बिघडत काही नाही.

---

मात्रा_सोळा | १० जुलै, दुपारी १:१०

मी शाळेत शिकवत नाही, तबला शिकवतो. पण माझ्या वर्गात सात वर्षांचा मुलगा आणि निवृत्त झालेले काका एकाच सतरंजीवर बसतात.

सुरुवातीला प्रत्येकाला वेगळं काम द्यायचो आणि खोलीत नुसता कल्लोळ. मग आमच्या गुरुजींचं आठवलं. तीनताल एकच. नवा मुलगा ठेका, म्हणजे तालाचे मूळ बोल, धरतो, त्याच्या वरचा कायदा (बोलांची ठरलेली रचना) बरोबरीत वाजवतो, त्याच्या वरचा तोच कायदा दुपटीत, आणि तयारीचा विद्यार्थी त्याचे पलटे, म्हणजे फेरफार, करतो. सोळा मात्रांनी सगळे समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, एकत्र येतात. लहान्याला वाटतं मीही मोठ्यांच्यात वाजवतोय, आणि ते खरंच असतं. त्याने ठेका सोडला तर मोठ्यांचं सगळं कोसळेल.

शाळेत असा ठेका काय असू शकेल ते तुम्ही जाणते लोक सांगा.

---

चिंचोका | १० जुलै, रात्री ९:३०

@मात्रा_सोळा, तुम्ही जे म्हणताय तेच आम्ही करतो. मी नंदुरबार जिल्ह्यात जोडवर्गाला ११ वर्षं आहे.

विषय एकच घ्यायचा, पायऱ्या चार. उदाहरण देतो. आठवडी बाजार. पहिली वस्तू मोजते आणि चित्रं काढते. दुसरी दोन वस्तूंच्या किमतींची बेरीज करते, खेळण्यातल्या नोटा देऊन सुटे परत घेते. तिसरी बाजाराची यादी करते, किमतीसकट. चौथी बिल करते, किलोचा भाव दिला की पाव किलोचा काढते. भाषेलाही तोच बाजार: पहिलीला भाजीचं पहिलं अक्षर, चौथीला दुकानदार-गिऱ्हाईक संवाद लिहायचा. शेवटची पंधरा मिनिटं खरंच दुकान मांडायचं, सगळ्यांनी मिळून. ती आमची सम.

गटप्रमुखाबद्दल @रंकाळा ह्यांचं म्हणणं पटतं, पण मदत घ्यायचीच नाही असं नको. माझे नियम: दिवसाला पंधरा मिनिटांच्या वर नाही. दर आठवड्याला जोडी बदलायची. आणि ऐकून घेणाऱ्याचं काम मोठ्याला द्यायचं, शिकवण्याचं नाही. धाकटा वाचतो, मोठा ऐकतो. गंमत म्हणजे चौथीतली जी मुलं वाचनात कच्ची असतात त्यांनाच मी पहिलीचं ऐकायला बसवतो. त्यांना सोपं पुस्तक उघडपणे वाचायला मिळतं आणि कुणी हसत नाही. हुशार मुलांना धाकट्यांत अडकवायची गरजच पडत नाही.

एक आणखी. इयत्ता विसरून वाचनाचे गट एकदा करून बघा. प्रत्येकाकडून एक परिच्छेद वाचून घ्या. अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद, जिथे अडखळलं तो त्याचा गट. तिसरीतली दोन-तीन मुलं शब्दांच्या गटात निघतील आणि दुसरीतलं एखादं थेट गोष्ट वाचेल. तासभर तरी चार इयत्तांऐवजी हे गट चालवा.

---

जुनाखोड | ११ जुलै, सकाळी ८:००

सगळं वाचलं. आमच्या गुरुजींकडे साठ पोरं होती, डबे नव्हते, रिबिनी नव्हत्या. एक छडी होती. पोरं शिकली. आजकाल पोरांना धाकच नाही राहिला, म्हणून ही वेळ येते.

---

चिंचोका | ११ जुलै, सकाळी ९:१५

@जुनाखोड, साठातली किती शिकली ते बघा. चौथीपर्यंत किती टिकली? आमच्या भागात छडीला भिऊन शाळा सोडलेले बाप मला दर वर्षी भेटतात, पोराचं नाव घालायला येतात तेव्हा पायरीच्या खाली उभे राहतात. आणि शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना बंदी आहे, तेव्हा नव्या बाईंना हा सल्ला देऊच नये.

---

पाटीपेन्सिल | ११ जुलै, सायंकाळी ६:४०

@जुनाखोड, मी छडी वापरलेला माणूस आहे म्हणून सांगतो. नोकरीच्या पहिल्या पाच-सहा वर्षांत वापरली. वर्ग शांत व्हायचा हे खरं. पण तेव्हा मला पाठ देता येत नव्हता, आणि वर्ग शांत झाला की पाठ झाला असं वाटायचं. एका मुलाच्या हातावर मारलं आणि नंतर कळलं की त्याला फळ्यावरचं दिसतच नव्हतं. पुढे चष्मा लागला. तो आता चाळिशीत आहे, वाटेत भेटला की वाकून नमस्कार करतो आणि मला नजर उचलवत नाही.

बाई, तुमच्या वर्गात जो सारखा उठतो त्याचे डोळे-कान एकदा तपासून घ्या. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं तेव्हा त्यांना ती नावं आधीच काढून द्या.

---

जुनाखोड | ११ जुलै, रात्री ९:०५

गुरुजी, माझे शब्द मागे घेतो. मला माझ्या शाळेतला मागच्या बाकावरचा एक मित्र आठवला. तो तिसरीनंतर आलाच नाही.

---

कायदेवाचक | १२ जुलै, दुपारी १२:३०

इथे सगळे युक्त्या सांगत आहेत, पण मूळ दुखणं बाजूला पडतंय. शिक्षणहक्क कायदा २००९ प्रमाणे ६० पटापर्यंत दोन शिक्षक. म्हणजे बाईंच्या शाळेत कागदावर सगळं नियमात आहे. पण चार इयत्तांना दोन शिक्षक असा नियम करतानाच जोडवर्ग गृहीत धरलेला आहे. मग प्रशिक्षण, पुस्तकं, वेळापत्रक, दैनिक टाचण (रोजच्या पाठाची नोंद) हे सगळं एकेका इयत्तेचं का? त्याच कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अशैक्षणिक काम शिक्षकाला देऊ नये असं म्हटलंय. आणि इथे दुसरे सर आठवड्यातून दोन-तीन दिवस वर्गाबाहेर! बाईंना मानधन महिना १६ हजार, तेही २०२३ मध्ये वाढलं तेव्हा. त्याआधी ६ हजार होतं. घरापासून तीन-चारशे किलोमीटरवर. एकट्या बाईंनी डबे भरून हा प्रश्न सुटायचा नाही.

---

रंकाळा | १२ जुलै, दुपारी २:१०

शंभर टक्के खरं. पण सोमवारी साडेदहाला घंटा होणार आहे आणि एकतीस पोरं आत येणार आहेत. दोन्ही बोलूया.

---

सत्तरीकर | १२ जुलै, रात्री १०:००

गोव्यातून लिहितो. आमच्याकडेही सत्तरी-सांगेच्या बाजूला सरकारी मराठी प्राथमिक शाळांत एकशिक्षकी प्रकार नवा नाही. माझं सगळं प्राथमिक शिक्षण असंच झालं. बाईंना धीर यावा म्हणून एक सांगतो. दुसरीत असताना मला चौथीच्या सगळ्या कविता पाठ होत्या. कुणी शिकवल्या नव्हत्या, कानावर पडत होत्या. चौथीत गेलो आणि बाईंनी कविता सुरू केली तर मी म्हटलं, "बाई, ही माझी झाली." तीन वर्गांची उजळणी रोज कानावरून जात असते, हा फायदा मोठ्या शाळेतल्या मुलाला मिळत नाही. दुसरीची जी सहा शांत मुलं तुम्हाला विसरल्यासारखी वाटतात, ती ऐकत असतील.

---

धूळपाटी | १३ जुलै, सकाळी ७:२५

मोठ्यांनी लहानांना शिकवण्याची पद्धत आपल्याच देशातून इंग्लंडला गेली, हे ठाऊक असावं. अँड्र्यू बेल नावाचा पाद्री १७८९ मध्ये मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख झाला. तिथल्या गावठी शाळेत मुलं बोटाने वाळूत अक्षरं काढताना त्याने पाहिली. त्याने तेच आपल्या शाळेत आणलं, मोठ्या मुलांच्या हाताखाली लहान मुलं दिली, आणि १७९७ मध्ये लंडनला त्याचा वृत्तांत छापला. इंग्लंडात पुढे जोसेफ लँकेस्टरनेही तशाच शाळा काढल्या. एकेका मास्तरच्या हाताखाली शेकडो मुलं. स्वस्त म्हणून ती पद्धत पसरली, आणि नुसती घोकंपट्टी होते म्हणून मागेही पडली.

@रंकाळा ह्यांचं दुखणं ते हेच. मोठ्याने लहान्याला हात देणं वेगळं आणि शिक्षकाचा पगार वाचवायला मुलाला मास्तर करणं वेगळं.

वाळूचं मात्र बाईंनी घ्यावं. ट्रेमध्ये बारीक वाळू, पहिलीचं मूल बोटाने गिरवतं, चुकलं की हलवून पुसतं. खोडरबर नको, भांडण नको.

---

हडसनकाठी | १३ जुलै, रात्री ११:५५

न्यू जर्सीत रविवारच्या मराठी शाळेत स्वयंसेवक म्हणून शिकवते. बाईंच्या अडचणीपुढे आमची अडचण लहान आहे, आठवड्यातून दोन तासच. पण वयं पाच ते तेरा, आणि शिवाय एकाला घरी आजीमुळे अस्खलित मराठी, तर त्याच्याहून मोठ्याला 'पाणी' आणि 'चल' एवढंच. तेरा वर्षांच्या मुलाला अ-आ गिरवायला दिलं की तो पुढच्या रविवारी येत नाही.

@चिंचोका ह्यांनी कच्च्या मोठ्या मुलांना धाकट्यांचं ऐकायला बसवण्याबद्दल लिहिलं, ते मी आजच करून पाहिलं. मोठ्या मुलाला सांगितलं, ह्या छोट्यांसाठी गोष्टीचं चित्रपुस्तक तू बनव, प्रत्येक पानावर एकच मराठी वाक्य. तो घरी जाऊन आजोबांना फोन करून शब्द विचारत होता, असं त्याच्या आईने सांगितलं. मनापासून आभार.

---

शिडी | १४ जुलै, दुपारी ४:२०

आंध्रात मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅली ह्या शिक्षणसंस्थेने आसपासच्या खेड्यांतल्या एकशिक्षकी शाळांसाठी कार्डांची शिडी तयार केली. सगळा अभ्यासक्रम छोट्या छोट्या कार्डांत तोडलेला, प्रत्येक कार्डावर चिन्ह. मूल शिडीवर आपली पायरी बघतं, कार्ड घेतं, पुढे जातं. चेन्नई महापालिकेच्या शाळांनी २००३ च्या सुमारास हीच कल्पना घेतली आणि पुढे तमिळनाडूभर गेली. आपल्याकडे साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटात, जमिनीवर आखलेले तक्ते, खडे-मणी ह्यांवर मुलं शिकताना बघायला राज्यभरातून शिक्षक जात होते.

पण माझा अनुभव प्रामाणिकपणे सांगते. मी बघून आले आणि उत्साहाने चारशे कार्डं बनवली. पहिल्या पावसात अर्धी बुरशीने गेली, काही उंदरांनी खाल्ली. आणि उरलेली कार्डं मुलं पळवायची, कारण पुढची पायरी आधी गाठायची शर्यत लागली. म्हणून बाई, एकदम सगळं करायला जाऊ नका. एकच विषय, एकच गट, एक महिना. आणि कार्डं प्लास्टिकच्या डब्यात!

---

मांजराकाठची | १४ जुलै, रात्री १०:३०

तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत. रोज शाळेतून आले की आधी धागा उघडते.

आज एक झालं. गेल्या आठवड्यापासून हजेरी १८-२० वर आली आहे. मुलं म्हणत होती, "बाई, आवणी हाय." मला वाटलं कुणाचं लग्नकार्य असेल! आमच्या लातूरकडे भात नाही, मला हा शब्दच ठाऊक नव्हता. आज आहाराच्या ताईंनी सांगितलं, भाताची रोपं उपटून खाचरात लावायची. तिसरी-चौथीची मुलं आई-बापाबरोबर चिखलात आहेत, आणि मी हजेरीपटावर गैरहजर मांडत बसले होते.

---

सह्यकडा | १४ जुलै, रात्री १०:५०

बाई, तबलेवाले दादा जो ठेका विचारत होते ना, तो सापडला की. आवणी!

---

मांजराकाठची | १४ जुलै, रात्री ११:००

आजच ठरवते.

---

वाचक_दूरचा | २ ऑगस्ट, सकाळी १०:१०

धागा खाली गेला होता, वर आणतोय. बाई, पुढे काय झालं?

---

मांजराकाठची | ३ ऑगस्ट, दुपारी ३:४५

आज रविवार म्हणून सविस्तर लिहिते.

आवणीचा विषय बारा दिवस चालला. पहिल्या दिवशी शाळेशेजारच्या खाचराच्या बांधावर सगळ्यांना नेलं. मालकांनी उरलेली रोपं दिली. पहिलीने दहा-दहा रोपांच्या जुड्या बांधल्या आणि दशक म्हणजे काय ते मी शिकवायच्या आधी त्यांच्या हातात आलं. दुसरीने जुड्या आणि सुटी रोपं मिळून संख्या वाचल्या, ४ जुड्या ७ रोपं म्हणजे ४७. तिसरीने घरच्यांना विचारून 'आमची आवणी' हे पाच-सहा वाक्यांत लिहिलं. चौथीने धान्याची घरातली मापं, एका पायलीत चार शेर, घेऊन भागाकार केला. ज्या भागाकारासाठी मी घसा फोडत होते तो ह्या मुलांच्या घरात रोज होत होता. पस्तीस शेरांच्या किती पायल्या, किती शेर उरले? एकाने पेन्सिल न उचलता सांगितलं, आठ पायल्या आणि तीन शेर. बाकी म्हणजे काय हे पुन्हा समजावून सांगावं लागलं नाही.

भिंतीवर त्यांचे शब्द आणि माझे शब्द असा तक्ता केला. माझ्या लातूरकडचे शब्द ऐकून मुलं पोट धरून हसतात आणि मग आपले शब्द मला शिकवतात. जी बोलत नव्हती ती ह्या तक्त्यावरून बोलायला लागली.

काय जमलं नाही तेही सांगते. वाचनाचे गट केले तेव्हा तिसरीतली चार मुलं शब्दांच्या गटात निघाली, आणि त्यांतल्या एकाला पहिलीच्या मुलांबरोबर बसायची लाज वाटली. दोन दिवस आला नाही. @चिंचोका, तुमची ऐकून घेण्याची युक्ती तेव्हा वापरली आणि तो परत आला. वाळूचा ट्रे पहिल्या दिवशी अंगावर उधळला गेला, आता दारात ठेवते, एका वेळी दोघंच. भिंतीचा काळा रंग अजून व्हायचाय, भिंती ओल्या आहेत. दिवाळीनंतर. आणि दुसरीची सहा मुलं अजूनही कधीकधी राहून जातात. आता त्यांच्यापैकी एकाचं नाव रोज तळहातावर लिहून घेते. आज ह्याच्याशी पाच मिनिटं बसायचंच.

टाचण मी विषयाचं एकच लिहिते, त्यात चार रकाने. केंद्रप्रमुखांनी बघितलं, म्हणाले चालेल.

---

पाटीपेन्सिल | ३ ऑगस्ट, सायंकाळी ५:२०

बाई, वाचून फार बरं वाटलं. तळहातावरचं नाव ही गोष्ट मला ३६ वर्षांत सुचली नाही. तो ओढ्याकडे गेलेला मुलगा कसा आहे?

---

मांजराकाठची | ३ ऑगस्ट, रात्री ८:१५

गुरुजी, तो का गेला होता ते कळलं. ओढ्यापलीकडच्या खाचरात त्याची आई रोप उपटत होती. ती दारातून दिसत होती, मला दिसत नव्हती. त्याला फक्त तिच्याकडे जायचं होतं. आईशी बोलले. आवणी चालू होती तोवर ती जेवणाच्या सुट्टीत पुलावरून येऊन पाच मिनिटं त्याच्याजवळ बसून जायची. त्यानंतर फळीपाशी उभा राहायचं त्याने आपणच सोडलं.

उद्यापासून सरांचं तीन दिवस प्रशिक्षण आहे. आता उद्याची तयारी करत बसले आहे, चार डबे समोर आहेत. तिन्हींचं भरून झालं. दुसरीच्या डब्यात काय ठेवू, कुणी सुचवाल का?